पागोट्याचे चार हजार

"ताई, आमच्या वडिलांनी 1964 साली गिरगावात दोन खोल्या घेतल्या. घेतल्या म्हणजे पागडीने. वडील गेल्या श्रावणात गेले, आई त्याआधीच गेली होती. धाकटा भाऊ बायकामुलांसह शेवटपर्यंत त्यांच्याजवळच राहिला. मी 1991 पासून डोंबिवलीला. भाड्याची पावती अजून वडिलांच्याच नावाने येते. कपाट आवरताना त्यांची एक जुनी वही सापडली. तिच्यात पेन्सिलने लिहिलंय, 'मालकास पागोट्याबद्दल रु. 4000, एकवार.' माझं म्हणणं असं की त्या काळात चार हजार मोजले म्हणजे घर आमचंच, दोघा भावांचं अर्धं अर्धं. भाऊ म्हणतो, पागडी म्हणजे डिपॉझिट, ते आपण मालकाकडून परत मागू शकतो. मालकाचा माणूस म्हणतो, पावतीवरचं नाव बदलायचं तर पुन्हा पागडी द्या. आणि पुतणी टोकियोत नोकरीला आहे, तिने फोनवर विचारलं, 'काका, डोक्यावरच्या पगडीचा घराशी काय संबंध?' मला उत्तर देता आलं नाही. हे एकदाच दिलेले पैसे नक्की कशाचे होते?"

– एक वाचक, डोंबिवली

नमस्कार.

एका शब्दावरून तुमच्या घरात चार मतं झाली आहेत, आणि गंमत म्हणजे सगळ्यात कामाचा प्रश्न पुतणीचा आहे. म्हणून आधी तिचं उत्तर देते. पोरगी लांब बसून विचारतेय म्हणून तो तुम्हाला हौसेचा वाटला असेल, पण बाकी तिघांच्या भांडणाची किल्ली तिथेच आहे.

वडिलांनी वहीत 'पागडी' लिहिलेलं नाही, 'पागोट्याबद्दल' लिहिलंय. हा 'बद्दल' महत्त्वाचा. पागोट्याऐवजी, पागोट्यापोटी. पागोटं, पगडी, पागडी, हिंदीतला पाग हे सगळं एकाच घरातलं, डोक्याला गुंडाळायच्या वस्त्राचं. (घोड्यांच्या पागेशी त्याचं नातं नाही, ती फारसीतून आली.) आपल्याकडे एखाद्याचा मान करायचा तर शेलापागोटं द्यायचं, ही जुनी रीत. लग्नात व्याह्याला, मामाला, कुळाच्या कामात उपयोगी पडलेल्या माणसाला. खांद्यावर शेला, डोक्याला पागोटं. पुढे वस्त्र आणायची दगदग नको म्हणून त्याऐवजी रोख हातावर ठेवणं सुरू झालं. आहेराची साडी राहिली आणि पाकीट आलं, तसंच.

आता मानाच्या देण्याचा एक गुण बघा. त्याला कोणी किंमत म्हणत नाही. ते परत मागत नाहीत. दरमहा देत नाहीत, एकदाच देतात. आणि त्याची पावती कोणी मागत नाही. व्याह्याला पागोटं बांधून 'मिळालं' म्हणून सही घेतलेली तुम्ही पाहिली आहे का? हे सगळे गुण मुंबईच्या घरमालकाला आणि भाडेकरूला एका विशिष्ट काळात फार सोयीचे होते. तो काळ नसता तर हा शब्द लग्नमंडपातच राहिला असता.

तो काळ असा. मुंबईत भाड्यावर सरकारी बंधनं पहिल्या महायुद्धाच्या काळातच आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 साली मुंबईचा मोठा भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाण भाडं म्हणून 1 सप्टेंबर 1940 ची पातळी धरली. त्या दिवशी खोलीचं जे भाडं, तेच थोड्याफार फरकाने कायम. शहरात माणसं येत राहिली, खोल्या तितक्याच, सगळ्याचे भाव वाढले आणि भाडं मात्र गोठलेलं. दर महिन्याला जे घेता येत नव्हतं ते मालकाने दारातच एकरकमी घ्यायला सुरुवात केली. तेही कायद्याने बंद होतं. 1947 च्या कायद्यात मालकाने जागा देताना असा पैसा घेणं हा गुन्हा होता आणि त्याला कैदेची शिक्षा होती. जागा सोडणाऱ्या भाडेकरूनेही येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं त्यात होतं. म्हणजे व्यवहार करायचा, पण त्याला किंमत म्हणायचं नाही, लिहायचं नाही, पावती द्यायची नाही. अशा व्यवहाराला नाव हवं तर ते मानाचंच हवं. पागोट्याइतका सोयीचा शब्द दुसरा कुठला मिळणार होता?

आमच्या घरचंच सांगते. माझे वडील आणि काका मालकाच्या पेढीवर गेले तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते आणि बरोबर नेलं होतं कारण घरी कोणी नव्हतं. आईच्या पाटल्या मोडून आलेले पैसे काकांच्या धोतराच्या कनवटीला होते. मेहताने नोटा मोजल्या, परत मोजल्या, एक फाटकी म्हणून बदलून मागितली, मग गादीखाली सरकवल्या. मला पेढा दिला. वडिलांनी विचारलं, "पावती?" तर पेढीवरचे सगळे हसले. काकासुद्धा. पहिल्या महिन्याच्या भाड्याची मात्र पावती मिळाली, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, साडेसव्वीस रुपयांची. वीस-बावीस वर्षांनी त्याच घरमालकाच्या मुलाने वडिलांना सांगितलं, "कसले पैसे? तुम्ही तर भाड्याने आलात." पुराव्याला आमच्याकडे काही नव्हतं. त्यामुळे तुमच्या वडिलांनी पेन्सिलने का होईना लिहून ठेवलं, याचं मला कौतुक वाटतं.

पुतणीला आणखी एक सांगा, ते तिला लगेच पटेल. ती टोकियोत भाड्याने राहते ना? मग तिने घर घेताना बहुधा 'रेइकिन' नावाची रक्कम दिली असेल, महिना-दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. ती परत मिळत नाही. 'रेइ' म्हणजे कृतज्ञता, शिष्टाचार आणि 'किन' म्हणजे पैसे. मानाचे पैसे! तिने जपानीत पागोटंच बांधलंय. कोलकात्यात याच पैशाला 'सेलामी' म्हणतात, सलाम केल्याबद्दलचे. इराणात मात्र 'सरकोफ्ली', म्हणजे कुलपावरचे. इजिप्तमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ 'पाय मोकळा करण्याचे' असा होतो, आणि दुकानाची जागा घेताना फ्रेंच माणूस दाराच्या उंबऱ्याचं नाव घेतो. इंग्रजीत 'की मनी', किल्लीचे पैसे. काही भाषांनी मालकाच्या डोक्याकडे पाहिलं, काहींनी दाराच्या कुलपाकडे. घराच्या भिंतींकडे यातल्या एकानेही पाहिलेलं नाही. आणि तुमच्या पत्रातली गफलत नेमकी इथे आहे.

तुम्ही म्हणता, चार हजार मोजले म्हणजे घर आमचं. नाही. वडिलांनी मालकाच्या डोक्यावर पागोटं ठेवलं आणि त्याने किल्ली दिली. भिंती, जमीन, छप्पर त्याचंच राहिलं. ते पैसे राहण्याच्या हक्कात शिरण्याचे होते. तसं नसतं तर पुढची साठ वर्षं वडिलांनी भाडं कशाला भरलं असतं? हे मी शब्दावरून ओढूनताणून काढत नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा आजही लागू आहे. त्याच्या 105 व्या कलमात भाडेपट्ट्याचे पैसे दोन प्रकारचे सांगितलेत. जे एकदाच द्यायचे ते 'प्रीमियम', जे ठरावीक मुदतीने द्यायचे ते 'रेंट'. दोन्ही भाडेपट्ट्याचेच, विक्रीचे नव्हेत. पागडी म्हणजे यातला पहिला. प्रीमियम हा शब्द लॅटिन, त्याच्या मुळात 'आधी घेतलेलं' असा भाव आहे. पूर्वी लुटीतल्या वाट्याला म्हणत. मुंबईतल्या पागडीला तो अर्थ शोभतो असं माझे वडील म्हणाले असते.

याच कायद्यांच्या इंग्रजी मजकुरात प्रीमियमच्या शेजारी 'फाइन' असाही एक शब्द येतो. परवा एका गृहस्थाने मला घाबरून विचारलं की भाडेकरूला दंड का. तो दंड नव्हे. लॅटिन 'फिनिस' म्हणजे शेवट, आणि व्यवहाराचा शेवट करणारी, एकदाची देऊन टाकायची रक्कम ती फाइन. चूक केल्याबद्दलचा फाइन त्याच मुळातून नंतर आला: पैसे भरा आणि प्रकरण संपवा. कागदात 'फाइन' दिसला तर तुम्हीही दचकू नका.

आता भावाचं. डिपॉझिट म्हणजे अनामत. अनामत हा शब्द अरबी 'अमानत' वरून आलाय, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. ज्याची ठेव त्याला परत, हे त्या शब्दातच आहे. पागोटं कोणी ठेवायला देत नाही. भावाला समजवा की मालकाकडे चार हजार मागायला गेलास तर तो हसत देईलही, आणि वर 'जागा रिकामी केली' असं लिहून घेईल. साठ वर्षांपूर्वीचे चार हजार आणि गिरगावातल्या दोन खोल्या. हिशेब त्याने स्वतः करावा.

पागडीला कायद्यात जागा मिळाली ती फार उशिरा. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्यात असं सांगितलं, आणि मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या 56 व्या कलमाने पन्नासेक वर्षांचा गुन्हा रीतसर व्यवहार झाला. मालकाने जागा देताना, भाडेपट्टा नव्याने करताना किंवा दुसऱ्याच्या नावे करायला संमती देताना रक्कम घेणं कायदेशीर, आणि हक्क सोडणाऱ्या भाडेकरूने घेणंही कायदेशीर. मुंबईत अशा हस्तांतरणात मालकाला साधारण एक तृतीयांश देतात. तो रिवाज आहे, कायद्याने ठरवलेला आकडा नाही, त्यामुळे त्यावर घासाघीस चालते. पैसे आता चेकने द्या आणि पावती घ्या. हसण्याचे दिवस गेले.

मग मालकाचा माणूस बरोबर म्हणतोय का? माझ्या मते नाही, आणि इथे तो तुमच्या अज्ञानावर भागवतोय. हस्तांतरण म्हणजे भाडेकरू आपला हक्क तिसऱ्याला देतो ते. तुमच्याकडे कोणी कोणाला काही दिलेलं नाही, भाडेकरू वारला. त्यासाठी याच कायद्याच्या 7 व्या कलमात, 'भाडेकरू' कोणाला म्हणायचं तिथेच, सोय केलेली आहे. राहत्या जागेचा भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. असं कोणी नसेल तर वारसांपैकी कोणी, आणि आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. या घटनेला पागडी लागत नाही. पावतीवर नाव चढवायला पैसे मागायचे, ही मालकांची सवय आहे. भाडेकरू देतात, म्हणून ती टिकली.

आणि आता ते वाक्य, जे लिहायला मला बरं वाटत नाही. त्या कलमात तुम्ही बसत नाही. तुमचा भाऊ बसतो. तुम्ही 1991 पासून डोंबिवलीला आहात, तो शेवटपर्यंत वडिलांजवळ होता. भाडेहक्क हा सोन्यासारखा किंवा बँकेतल्या ठेवीसारखा मुलांत अर्धा-अर्धा होत नाही. वडिलांनी मृत्युपत्रात लिहिलं असतं तरी फार उपयोग नव्हता. जुन्या कायद्याखाली 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की असा संरक्षित भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. तुम्ही कोर्टात गेलात तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वर्षं जातील, आणि मधल्या काळात तुमच्या दोघांच्या भांडणाचा फायदा घेणारा एक माणूस आहेच. मालक.

तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला वाटतं तुमचं दुखणं चार हजारांचं आहे, खोल्यांचं नाही. 1964 चे चार हजार कुठून आले? गावची जमीन विकली, की आईचं सोनं गेलं? अशा घरांत मोठ्या मुलाचं शिक्षण त्या पागोट्यापायी आखडलेलं असतं. तसं काही असेल तर ते भावाशी बोला, पण 'माझा हिस्सा' या शब्दाने सुरुवात करू नका. हिस्सा म्हटलं की तो वकील गाठेल आणि वकील त्याला कलम 7 दाखवेल. त्याऐवजी नाव त्याचं लागू द्या, तुम्ही लेखी ना-हरकत द्या, आणि त्याच बैठकीत विचारा की पुढे कधी ही जागा सोडायची वेळ आली तर आईवडिलांच्या पैशाचं काय करायचं. दोघांचं जमलं तर ते कागदावर आणा, पण भाडेकायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडून. नोटरीच्या दुकानातल्या छापील नमुन्यावर नको.

भावाने आता करायचं ते असं. मालकाला साधं पत्र द्यावं, वडील अमुक तारखेला वारले, मी कुटुंबासह त्यांच्यासोबत राहत होतो, यापुढची पावती माझ्या नावे द्यावी. सोबत मृत्यूचा दाखला आणि त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, मुलांचे शाळेचे दाखले, जे जे जुनं असेल ते. पत्र स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह. भाडं एक महिनाही थांबवू नये. मालकाचा माणूस घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवावं आणि परत आली तर ती पावती जपावी. भाड्याची लेखी पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलं तर चालेल. आणि खोल्यांना कुलूप लावून सगळे तुमच्याकडे डोंबिवलीला राहायला आले, असं करू नका. सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ती परत मागता येते.

इमारत जुनी, म्हणजे बहुधा उपकरप्राप्त (दुरुस्तीपोटी सरकारी उपकर भरणारी) असेल. तसं असेल तर नावाचा हा घोळ पुनर्विकासाआधी मिटवाच. अशा पुनर्विकासात पात्र भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मिळतं, आणि ते मालकीचं असतं. वडिलांच्या पागोट्याने जी मालकी आली नाही ती तिथे येते. पण यादीत नाव लागतं ते पावतीवरच्या माणसाचं, आणि वारलेल्या माणसाच्या नावावर घर देताना प्रत्येक टेबलावर एक नवा प्रश्न निघतो.

'पगडी' लिहायचं की 'पागडी', हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी पुतणी विचारेल. मराठीत या पैशाला बहुतेक जण 'पागडी' म्हणतात. गुजरातीतही डोक्यावरची ती 'पाघडी' आणि जागेचीही 'पाघडी'; भुलेश्वर-गिरगावात दोन्ही भाषा एकाच जिन्याने चढत-उतरत होत्या, त्याचाही हात असावा असा माझा आपला अंदाज. मला स्वतःला डोक्यावरची ती पगडी आणि जागेची ती पागडी हा भेद आवडतो. पुणेरी पगडीवर उगाच आळ यायला नको.

आणि वहीच्या त्या पानाचा आजच नीट उजेडात फोटो काढून ठेवा. पेन्सिल आहे, साठ वर्षांत बरीच पुसट झाली असेल.